बोट ठेव, मग लिही

दापोली तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "लेक दहावीत आहे, मराठी माध्यम. गणित-विज्ञान चांगलं आहे, पण पूर्वपरीक्षेत इंग्रजीत ८० पैकी ३१ पडले. उतारा वाचते, पण उत्तर लिहिताना अडते. पत्र, बातमी, गोष्ट सगळं गाइडमधून पाठ केलंय. विषय जरा वेगळा आला की पान कोरं. बोर्डाच्या परीक्षेला महिना-दीड महिना राहिलाय. घरी आम्हा दोघांनाही इंग्रजी येत नाही. काय करावं?"

ताई, सगळ्यात आधी तिची ती पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन बसा आणि प्रश्नवार गुण एका कागदावर मांडा. नुसत्या ३१ वरून काही कळत नाही. मी २८ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतेय, बोर्डाचे पेपरही बरीच वर्षं तपासले. तिशीच्या घरातल्या पेपरात मला बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. धड्यावरच्या उताऱ्यात बऱ्यापैकी, अपरिचित उताऱ्यात अर्धेमुर्धे आणि लेखनात २० पैकी चार-पाच. अशा मुलीला इंग्रजी येत नाही असं मी म्हणणार नाही. उत्तर कुठेतरी बाहेर आहे, गाइडमध्ये, क्लासच्या नोट्समध्ये, बाईंच्या वहीत, असं तिच्या मनाने घेतलेलं असतं. आठवलं तर लिहायचं, नाहीतर सोडायचं. या कृतिपत्रिकेत, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत, मात्र बहुतेक उत्तरं समोरच्या पानावर छापलेली असतात. ती तिथून उचलायची सवय लागणं, एवढ्यासाठी दीड महिना पुरतो.

पेपरची विभागणी बघा. तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची, बाकीचे २० शाळेतले अंतर्गत. ८० पैकी भाषाभ्यासाला १०, धड्यांवरच्या दोन उताऱ्यांना २०, कवितेला १०, अपरिचित उतारा आणि त्याचा सारांश मिळून १५, लेखनाला २० आणि भाषांतराला ५. धडे, कविता, अपरिचित उतारा यांचे मिळून ४५ गुण होतात आणि या ४५ गुणांसाठी मजकूर पेपरातच दिलेला असतो. कवितेचं रसग्रहण लिहायला सांगतात तिथेही कविता छापलेली असते. यमकाची रचना तर ओळींच्या शेवटच्या शब्दांवर बोट फिरवूनच काढायची असते. रसग्रहणात पाठ करण्यासारखं एवढंच: कवीचं नाव, कवितेचा मध्यवर्ती विचार आणि दोन-तीन अलंकारांची ओळख. तेवढं तिने जरूर पाठ करावं.

आता उताऱ्याकडे वळू. मी वर्गात देते तसा एक छोटा उतारा इथे देते. इंग्रजीच आहे, पण देवनागरीत लिहिते, म्हणजे तुम्हालाही तो लेकीला मोठ्याने वाचून दाखवता येईल.

"ऑलिव्ह रिडले टर्टल्स कम टू द बीच ॲट वेळास इन विंटर. द फीमेल कम्स ॲशोर ॲट नाइट, डिग्ज अ पिट इन द सँड, लेज अबाउट अ हंड्रेड एग्ज अँड गोज बॅक टू द सी. शी नेव्हर सीज हर यंग. अर्लियर, पीपल अँड डॉग्ज टुक मोस्ट ऑफ द एग्ज. सिन्स २००२, व्हिलेजर्स हॅव मूव्ह्ड द एग्ज टू अ फेन्स्ड हॅचरी. आफ्टर अबाउट फिफ्टी डेज द हॅचलिंग्ज कम आउट अँड क्रॉल टोवर्ड्स द वॉटर."

वेळासची कासवं तुमच्या लेकीला नवीन नाहीत. मंडणगड तालुक्यातलं हे गाव तुमच्यापासून फार लांब नाही. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पूर्वी ती अंडी माणसं आणि कुत्री न्यायची, आता गावकरी ती कुंपणात हलवतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. विषय ओळखीचा असला की वाचणाऱ्याची निम्मी भीती जाते, म्हणून सरावाला सुरुवातीचे आठ-दहा उतारे असेच ओळखीच्या विषयांवरचे घ्यावेत.

बोर्डाच्या पेपरात प्रत्येक उताऱ्याखाली पाच कृती असतात, प्रत्येकी २ गुणांच्या. पहिली सोपी माहिती विचारते, दुसरी जरा जोडून विचार करायला लावते, तिसरी शब्दांची, चौथी व्याकरणाची, पाचवी स्वमताची. मुलं आधी अख्खा उतारा तीनदा वाचतात आणि मग कृतींकडे येतात. मी उलट सांगते. आधी पहिल्या दोन कृती वाच, काय शोधायचं ते डोक्यात घे, मग उतारा एकदाच पण सावकाश वाच.

समजा पहिली कृती आहे चूक की बरोबर: "द फीमेल लुक्स आफ्टर हर यंग." मूल 'लुक्स आफ्टर' हे शब्द उताऱ्यात शोधतं. ते नाहीतच. मग अंदाजाने काहीतरी ठोकतं. प्रश्न काढणारा मुद्दाम शब्द बदलतो, हे मुलांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. 'यंग' हा शब्द मात्र प्रश्नातही आहे आणि उताऱ्यातही. त्यावर बोट ठेवलं की वाक्य सापडतं: "शी नेव्हर सीज हर यंग." जी पिल्लं बघतच नाही ती त्यांना सांभाळणार कुठून? विधान चूक.

दुसरी कृती: "व्हाय डिड द व्हिलेजर्स मूव्ह द एग्ज?" इथे मी तपासलेल्या पेपरांत सर्वांत जास्त गुण गेलेले आहेत, म्हणून थोडं थांबून सांगते. प्रश्नात 'व्हिलेजर्स', 'मूव्ह', 'एग्ज' हे तीन शब्द आहेत. उताऱ्यातल्या एका वाक्यात हे तिन्ही आहेत, म्हणून मूल ते वाक्य जसंच्या तसं उतरवतं: "सिन्स २००२, व्हिलेजर्स हॅव मूव्ह्ड द एग्ज टू अ फेन्स्ड हॅचरी." अक्षर सुंदर, स्पेलिंग बिनचूक, गुण शून्य. कारण प्रश्न 'का' असा आहे आणि हे वाक्य 'काय केलं' ते सांगतं. कारण त्याच्या आदल्या वाक्यात आहे. मी मुलांना सांगते, 'व्हाय' दिसलं की शब्द जुळणाऱ्या वाक्यावर बोट ठेवायचं आणि मग एक वाक्य वर, एक वाक्य खाली सरकवून बघायचं. वर काय सापडतं? माणसं आणि कुत्री अंडी नेत होती. झालं उत्तर: "दे मूव्ह्ड द एग्ज बिकॉज पीपल अँड डॉग्ज टुक मोस्ट ऑफ देम." यातले जवळजवळ सगळे शब्द छापलेलेच आहेत. तिने आपल्या पदरचा घातला तो 'बिकॉज'.

ताई, हेच तुम्हाला घरी करून घेता येतं आणि त्याला तुम्हाला इंग्रजी यायची गरज नाही. ती उत्तर लिहायला लागली की एवढंच म्हणा: "हे कुठे लिहिलंय? बोट ठेव." बोट ठेवता आलं नाही तर उत्तर लिहायचं नाही, परत शोधायचं. बोट ठेवलं की विचारा, "आता याचा अर्थ मला मराठीत सांग." मराठीत सांगताना ती अडखळली तर वाक्य कळलेलं नाही, हे तुम्हाला लगेच समजेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई रोज रात्री भाकऱ्या थापताना हे दोन प्रश्न विचारायची. मुलगी जोत्यावर बसून उतारे सोडवायची. ती आई चौथीपर्यंत शिकलेली होती.

शब्दांच्या कृतीत "उताऱ्यातून समानार्थी शब्द शोधा" असं आलं की मुलं थेट हार मानतात, कारण शब्द पाठ नाही. पण शब्द शोधायला सांगितलाय, आठवायला नाही. 'हॅचलिंग्ज' तिने कधी ऐकला नसेल. तरी पन्नास दिवसांनी अंड्यांतून बाहेर येऊन पाण्याकडे जाणारं दुसरं काय असणार? शेजारचे शब्द अर्थ सांगून जातात. 'क्रॉल'चंही तसंच. व्याकरणाच्या कृतीवर मी इथे वेळ घालवत नाही. काळ बदलणे, प्रयोग बदलणे, प्रश्नार्थक शेपूट लावणे, असे ठरावीक प्रकार फिरून फिरून येतात आणि ते शाळेत घोटून घेतलेले असतात.

स्वमताची कृती मात्र मुलं सर्रास सोडून देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यात चुकीचं उत्तरच नसतं. "किनाऱ्यावर तुला कासवाची अंडी सापडली तर काय करशील?" असं विचारलं तर तीन लहान वाक्यं पुरतात: "आय विल नॉट टच द एग्ज. आय विल कीप द डॉग्ज अवे. आय विल टेल द फॉरेस्ट गार्ड." दोन उतारे धड्यांवरचे, एक अपरिचित, तीन स्वमतं म्हणजे ६ गुण. उताऱ्यातली वाक्यं इथे उतरवायची नाहीत, एवढं एकच पथ्य. एकदा वर्गात हाच प्रश्न दिला तेव्हा हर्णैकडच्या एका मुलाने लिहिलं होतं, "अ टर्टल केम इन माय फादर्स नेट. ही कट द नेट." वडील बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. इतर वेळी हा मुलगा चार ओळी लिहायला पाऊण तास घ्यायचा. ही दोन वाक्यं त्याने एका दमात लिहिली, कारण ती त्याने घरी ऐकलेली होती आणि त्यात त्याच्या बापाचं जाळं होतं. वाक्यं तशीच ठेवून मी फळ्यावर लिहिली आणि वर्गाला सांगितलं, स्वमत असं लिहायचं.

सारांशाचे ५ गुण याच अपरिचित उताऱ्यावर असतात. उताऱ्याच्या कृती सोडवून झाल्या की लगेच सारांश लिहावा, कारण उतारा तेव्हा डोक्यात ताजा असतो. साधारण एक तृतीयांश लांबी धरायची. आकडे, उदाहरणं, वर्णनाचे शब्द गाळायचे आणि जे काढून टाकलं तर उतारा उरणारच नाही तेवढं ठेवायचं. वरच्या उताऱ्याचा सारांश असा होईल: "ऑलिव्ह रिडले टर्टल्स ले एग्ज ॲट वेळास इन विंटर. अर्लियर, मोस्ट ऑफ द एग्ज वेअर लॉस्ट. नाऊ द व्हिलेजर्स प्रोटेक्ट देम इन अ हॅचरी." शीर्षक मागितलेलं असतं, ते विसरू नये: "सेव्हिंग द टर्टल्स". स्वतःचं मत सारांशात घालायचं नाही.

आता लेखन, जिथे तुमच्या लेकीचं पान कोरं राहतं.

एका सराव परीक्षेत पिण्याच्या पाण्याच्या तक्रारीचं पत्र विचारलं होतं. एका गठ्ठ्यात मला अकरा पत्रं रस्त्यावरच्या दिव्यांच्या तक्रारीची मिळाली, शब्दशः एकसारखी. सगळ्यांनी एकाच ठिकाणचं पाठ केलेलं. त्या अकरा मुलांनी केवढी मेहनत घेतली असेल हे मला दिसत होतं, आणि पत्राचा साचा सोडला तर त्यांना गुण देता येत नव्हते. तेव्हापासून मी पत्र पाठ करून घेणं बंद केलं. साचा पाठ करायचा, मजकूर नाही.

साचा म्हणजे एवढंच. वर डावीकडे पत्ता, तारीख. औपचारिक पत्र असेल तर ज्याला लिहायचं त्याचं पद आणि पत्ता, मग विषयाची ओळ, मग 'सर' किंवा 'मॅडम'. पहिल्या परिच्छेदात मी का लिहितेय, दुसऱ्यात नेमकी गोष्ट काय, तिसऱ्यात तुम्ही काय करावं अशी माझी विनंती. शेवटी 'युअर्स फेथफुली'. 'युअर्स'मध्ये 'एस'च्या आधी वर स्वल्पविरामासारखी खूण (ॲपॉस्ट्रॉफी) घालायची नाही, ही चूक शेकडो मुलं करतात. पत्राबरोबर पेपरात बहुधा एखादं पत्रक, जाहिरात किंवा मुद्दे दिलेले असतात. मुलांना तो चौकोन सजावटीसारखा वाटतो, पण दुसऱ्या परिच्छेदाचा मजकूर त्यातच असतो. इथेही बोट ठेवायचं. पत्रकात पाच गोष्टी असतील तर पाच वाक्यं: स्वच्छता मोहीम कुठे, कधी, किती वाजता, काय आणायचं, कुणाला भेटायचं. प्रत्येक गोष्ट वापरली की पेन्सिलने तिच्यावर बारीक खूण करायची, म्हणजे काही सुटत नाही.

अनौपचारिक पत्र असेल तर खरा माणूस डोळ्यांसमोर आणायचा. आपल्याकडे प्रत्येक घराचं कुणी ना कुणी मुंबईला असतंच. तिच्या मुंबईच्या आतेबहिणीला किंवा चुलतभावाला ती फोनवर जे बोलते तेच लिहायचं. मी सरावाला नेहमी शिमग्याचं आमंत्रण देते, कारण पालखी कधी घरी येते, रात्री काय असतं, जेवायला काय, हे सगळं मुलांच्या जिभेवर असतं. "द पालखी विल कम टू अवर हाउस ऑन संडे. आजी इज मेकिंग पुरणपोळी. प्लीज कम बाय द फ्रायडे नाइट ट्रेन." पालखीला इंग्रजी शब्द शोधत बसू नये, पालखी म्हणजे पालखीच. पंधरा वर्षांची मुलगी पुरणपोळीच्या इंग्रजी शब्दासाठी दहा मिनिटं घालवते आणि पत्र अर्धं राहतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

पत्रानंतर संवाद किंवा भाषण, दोघांतलं एक. तुमच्या लेकीने संवादच घ्यावा. त्यात आधी उलटसुलट दिलेली वाक्यं क्रमाने लावायची असतात, मग अर्धा संवाद पूर्ण करायचा, मग स्वतःचा छोटा संवाद. पहिल्या भागात तर सगळे शब्द पेपरातच असतात. भाषण चांगलं लिहिणारी मुलं आहेत, पण ३१ वरून वर चढायचंय तेव्हा हा रस्ता सरळ आहे. पुढच्या प्रश्नातही तेच. तक्त्यावरून परिच्छेद किंवा परिच्छेदावरून तक्ता, असा पर्याय असतो. परिच्छेदावरून तक्ता भरणं तिला सोपं जाईल, कारण शब्द उचलून योग्य रकान्यात टाकायचे असतात. तक्ता आखायला निळं किंवा काळं पेनच, रंगीत पेन्सिली नकोत. नुसत्या सुबक आखणीला गुण नसतात, म्हणून तिथे वेळ दवडायचा नाही.

तरी तक्त्यावरून परिच्छेदाचा सराव एकदा घ्याच, आणि तो तुमच्या मदतीने होईल असा. आमसुलं तुम्ही दरवर्षी करत असाल. तिला मराठीत सांगा काय काय करता, तिने बाण काढून एकेक शब्द लिहावा: कापणे, बिया काढणे, रसात बुडवणे, उन्हात वाळवणे, पुन्हा तेच, भरून ठेवणे. आता त्याचा परिच्छेद: "फर्स्ट, द रातांबाज आर कट अँड द सीड्स आर रिमूव्ह्ड. देन द स्किन्स आर डिप्ड इन द ज्यूस अँड ड्राइड इन द सन. धिस इज डन मेनी टाइम्स. फायनली, दे आर स्टोअर्ड इन जार्स." कोण करतं ते महत्त्वाचं नाही, काय केलं जातं ते महत्त्वाचं, म्हणून 'आर कट', 'आर ड्राइड'. वर्गात कर्मणी प्रयोग तीन आठवडे शिकवून जे डोक्यात शिरत नाही ते आमसुलाच्या एका परिच्छेदात शिरतं, असा माझा अनुभव आहे.

बातमी आणि गोष्ट यांतही निवड असते. बातमीचा साचा पक्का असतो, म्हणून मी बातमीकडे झुकते. मथळा, गाव आणि तारीख, मग पहिलं वाक्य. त्या पहिल्या वाक्यात काय झालं, कुठे, कधी, हे आलं की बातमी उभी राहिली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तो पूर आमच्या भागातल्या मुलांनी पाहिलेला किंवा घरात ऐकलेला. मी त्यावरच बातमी लिहून घेते: "चिपळूण, २३ जुलै: हेवी रेन फ्लडेड चिपळूण टाउन ऑन थर्सडे." बास, पहिलं वाक्य. मग पाणी कुठवर चढलं, लोकांना कसं हलवलं, कोण मदतीला आलं. मथळा वर्तमानकाळात, बातमी भूतकाळात. "वॉटर एंटर्स होम्स" हा मथळा, "वॉटर एंटर्ड मेनी होम्स" ही बातमी. बातमीत 'आय' आणि 'वुई' येत नाही. एका मुलीने लिहिलं होतं, "द वॉटर केम अप टू द क्लॉक ऑन द वॉल." कोणत्याही गाइडमध्ये हे वाक्य मिळणार नाही, आणि यातला एकही शब्द सहावीच्या वरचा नाही.

भाषांतराच्या ५ गुणांना मुलं इंग्रजीचा प्रश्न समजून घाबरतात. शब्द, वाक्यं आणि एखादी म्हण इंग्रजीतून मराठीत आणायची असते. म्हणीला शब्दाला शब्द ठेवायचा नाही, आपल्याकडची तशीच म्हण आठवायची. "मेनी अ लिटल मेक्स अ मिकल" ला "थेंबे थेंबे तळे साचे". ही शिदोरी तिच्याकडे तुमच्यामुळे आणि आजीमुळे आधीच आहे.

लिहिताना होणाऱ्या चुकांबद्दल. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून घाईत मुलं "आय डेली स्कूल गो" असं लिहून जातात. मी बोटांवर मोजायला लावते: अंगठा कोण, मग करतो काय, मग काय किंवा कुठे, मग कधी. "आय, गो, टू स्कूल, डेली." परीक्षेत बाकाखाली बोटं मोजली तरी कुणी काही म्हणत नाही. दुसरी चूक, 'ही' किंवा 'शी' आलं की क्रियापदाला लागणारा 'एस' विसरणं. तिसरी, 'डिड' नंतर पुन्हा भूतकाळ: "डिड यू वेंट". आणि वाक्यं लांबवणं. 'अँड' ने जोडत जोडत पाच ओळींचं वाक्य झालं की त्यात कर्ता कुठला नि क्रियापद कुठलं, तिचं तिलाच सापडत नाही. सात-आठ शब्द झाले की पूर्णविराम. 'ब्युटिफुल'चं स्पेलिंग आठवत नसेल तर 'नाइस' लिहावं, त्याचा गुण कापला जात नाही.

रोजचा अभ्यास फार मोठा नको. आता मोहोराच्या दिवसांत घरातली मोठी माणसं बागेत फवारणीत अडकलेली असतात, मुलांवरही कामं पडतात, हे मला माहीत आहे. रोज एक उतारा पाचही कृतींसह, पंचवीस मिनिटं घड्याळ लावून. एक दिवसाआड एक लेखन, वही न उघडता. रविवारी एक जुनी बोर्डाची कृतिपत्रिका पूर्ण तीन तास, मध्ये न उठता. पहिल्या रविवारी तिचा पेपर पूर्ण होणार नाही, त्याने घाबरू नका. आणि तिची लेखनं शाळेतल्या बाईंकडून किंवा सरांकडून आठवड्यातून एकदा तपासून घ्या. एवढं कुणीही शिक्षक आनंदाने करतो, फक्त मागायला जावं लागतं.

परीक्षेत क्रम असा ठेवावा: भाषाभ्यास, धड्यांचे दोन उतारे, मग थेट पत्र आणि संवाद, मग अपरिचित उतारा आणि सारांश, मग माहितीचा तक्ता आणि बातमी, शेवटी कविता आणि भाषांतर. लेखन अगदी शेवटी ठेवलं की हात दुखायला लागलेला असतो, वेळ संपत आलेला असतो आणि ५ गुणांचं पत्र तीन ओळींत आटोपतं. क्रम बदलला तर प्रश्न क्रमांक आणि उपक्रमांक ठळक आणि अचूक घालायचे, म्हणजे तपासणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी हातात मिळायचा, २०२३ पासून ती दहा मिनिटं शेवटी वाढवून देतात. म्हणून अकराला पेपर हातात आला की लगेच लिहायला न लागता तीन-चार मिनिटं नुसते पर्याय वाचून कुठला घ्यायचा ते ठरवावं.

शेवटच्या दहा मिनिटांत सगळा पेपर परत वाचायला जाऊ नये, वाचून होत नाही. एखादं स्वमत रिकामं आहे का, सारांशाला आणि गोष्ट घेतली असेल तर तिला शीर्षक दिलंय का, पत्रावर तारीख आहे का, एवढंच बघावं. मग वेळ उरला तर प्रत्येक वाक्य मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होतंय का, यावर एकदा नजर फिरवावी. पुढच्या रविवारचा सराव पेपर झाला की प्रश्नवार गुणांचा कागद मला पाठवा, कुठला भाग मागे राहिलाय ते बघून पुढचे आठवडे कसे वाटायचे ते सांगते.